मानलिकर-शोनावर शिकारी रायफल : मालकांच्या साक्षींची चिकित्सा

हत्याराचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास तीन प्रकारचीं साधनें उपलब्ध असतात. पहिलें साधन म्हणजे तें हत्यार स्वतः. दुसरें, तें घडविणाऱ्या कारखान्याचे व तें विकत घेणाऱ्या सरकारांचे कागद. आणि तिसरें, ज्यांनीं तें बाळगलें व वापरलें त्या मालकांचे अभिप्राय. पैकीं पहिलीं दोन साधनें मुकीं किंवा मितभाषी असतात. तिसरें मात्र फार बोलतें. आणि जें साधन फार बोलतें त्याच्याकडेच लेखकांचा ओढा असावा हें स्वाभाविक आहे. युरोपांतील शिकारी रायफलींवर गेल्या सव्वाशें वर्षांत जें वाङ्मय निर्माण झालें त्याचा बराच भाग या तिसऱ्या साधनावर उभारलेला आहे. अमुक रायफल उत्तम, कारण अमुक नामांकित शिकाऱ्यानें ती वाखाणली, अशी त्यांतील युक्तिवादाची रीत.

बखर आणि अस्सल पत्र यांचें तारतम्य ज्यांच्या अंगवळणीं पडलें आहे त्यांना ही रीत पाहून थोडें थांबावेंसें वाटेल. साक्षीदार कोण, तो प्रसंगीं हजर होता काय, त्यानें लिहिलें केव्हां, आणि आपण ज्या वस्तूबद्दल विचारीत आहों त्याच वस्तूबद्दल तो बोलत आहे काय, हे चार प्रश्न आपण मराठी दफ्तरांतील प्रत्येक कागदास विचारतों. तेच प्रश्न बंदुकीच्या मालकासही विचारावेत एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरणादाखल ऑस्ट्रियांतील मानलिकर-शोनावर ही बोल्टची शिकारी रायफल घेतली आहे. तिच्याइतकी स्तुति फार थोड्या रायफलींच्या वांट्यास आली असेल. आणि त्या स्तुतींत सत्य व भ्रम हे असे मिसळले आहेत कीं, ते निवडून काढतां आल्यास इतर हत्यारांच्या बाबतींतही वाट सोपी व्हावी. विषय केवळ हौसेचा नाहीं. मालकाच्या मतावर विसंबून दुसरा माणूस तीच बंदूक घेऊन रानांत जातो. तेथें मत खोटें ठरल्यास त्याची किंमत त्या माणसाला किंवा जखमी होऊन पळालेल्या जनावराला द्यावी लागते.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. ही रायफल स्टायर गांवच्या कारखान्यांत तयार होई. या कारखान्याचा पाया योजेफ वेर्न्डल यानें १८६४ सालीं घातला. फर्डिनंड मानलिकर (१८४८–१९०४) हा त्या काळचा अग्रगण्य शस्त्रकल्पक, आणि ऑटो शोनावर (१८४४–१९१३) हा स्टायर येथील त्याचा सहकारी. पहिल्याचा बोल्ट व दुसऱ्याचें फिरतें मॅगझिन यांच्या संयोगानें ही रायफल सिद्ध झाली. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली व १९०३ सालीं ग्रीसच्या सरकारनें ती आपल्या लष्करासाठीं पसंत केली. त्याच यंत्रणेवर शिकारीसाठीं आंखूड नळीच्या रायफली निघाल्या: १९०३ चा नमुना ६.५ मिलिमीटर व्यासाचा, १९०५ चा ९ मिलिमीटरचा, १९०८ चा ८ मिलिमीटरचा आणि १९१० चा ९.५ मिलिमीटरचा. यांपैकीं ६.५ च्या नमुन्याचीच कीर्ति सर्वांत अधिक झाली.

तिचें मुख्य वैशिष्ट्य म्हणजे मॅगझिन. इतर बहुतेक रायफलींत काडतुसें पेटींत एकावर एक रचलेलीं असतात. हिच्यांत पांच काडतुसें खांचा पाडलेल्या एका रुळाभोंवतीं बसतात. रूळ स्प्रिंगच्या ताणानें फिरतो आणि एकेक काडतूस बोल्टपुढें आणून ठेवतो. बाजूची कळ दाबली कीं मॅगझिनांतील काडतुसें आपोआप वर निघून येतात. बंदूक रिकामी करण्यासाठीं बोल्ट पुन्हां पुन्हां ओढावा लागत नाहीं. बोल्ट ज्या पोलादी घरांत सरकतो त्याच्या मागील कमानीस वरून फट ठेवलेली असून बोल्टची मूठ त्या फटींतून जाते. त्यामुळें बोल्टला सर्व वाटभर आधार मिळतो. मूठ लोण्याच्या सुरीच्या पात्यासारखी चपटी व अंगालगत बसणारी. आंखूड नमुन्यांत लांकडी दस्ता नळीच्या तोंडापर्यंत नेलेला असे. पुष्कळ नमुन्यांत चाप दोन असत: एक ओढून यंत्रणा हलकी करावयाची, आणि दुसऱ्यास नुसता स्पर्श करून बार काढावयाचा. एवढें स्वरूप ध्यानांत ठेवून आतां साक्षींकडे वळूं.

पहिला घोंटाळा नांवाचा. इंग्रजी शिकारवाङ्मयांत ‘.२५६ मानलिकर’ हें नांव वारंवार येतें, आणि मानलिकर-शोनावरचे अभिमानी त्या सर्व उल्लेखांचें श्रेय आपल्या रायफलीच्या पदरांत टाकतात. परंतु या नांवाच्या रायफली दोन होत्या. एक जुनी, रुमानिया व हॉलंड या देशांनीं १८९० नंतरच्या पहिल्या पांचसहा वर्षांत स्वीकारलेल्या लष्करी रायफलीच्या यंत्रणेवर बांधलेली. तिच्या काडतुसाच्या बुडाशीं बाहेर आलेली कड असे, आणि काडतुसें पोलादी चिमट्यांत अडकवून चिमट्यासकट मॅगझिनांत घालावीं लागत. दुसरी म्हणजे मानलिकर-शोनावर. तिच्या काडतुसास अशी कड नाहीं, आणि चिमट्याच्या जागीं तो फिरता रूळ आहे. दोन्हींची गोळी मात्र सारखीच, सुमारें १६० ग्रेन वजनाची, लांब व बोथट नाकाची. तिचा वेगही जवळजवळ तोच. म्हणून १९०० च्या पूर्वीचा किंवा त्या सुमाराचा एखादा मालक .२५६ मानलिकरची गोळी फार खोल जाते असें लिहितो, तेव्हां त्याची साक्ष दोन्ही रायफलींस लागू करण्यास प्रत्यवाय नाहीं. पण बोल्ट लोण्यासारखा चालतो किंवा मॅगझिन कधीं अडत नाहीं असें तो लिहीत असेल, तर प्रथम त्याच्या हातीं कोणती रायफल होती हें ठरविलें पाहिजे. एकाच नांवाचे दोन सरदार एक समजून वंशावळी जुळविणाऱ्याची जी फसगत होते तीच येथें होते.

यांत आणखी एक पोटभेद आहे. ब्रिटिश बंदूकवाले स्टायरहून यंत्रणा आणून तिच्यावर आपल्या पद्धतीचा दस्ता व माशी, कधीं नळीसुद्धां, चढवीत व आपलें नांव घालून विकीत. अशा रायफलीचा मालक ती खांद्याला कशी बसते याची तारीफ करीत असेल तर ती तारीफ लंडनच्या किंवा एडिंबरोच्या सुताराची आहे. स्टायरच्या कारखान्याची नव्हे.

दुसरा घोंटाळा रायफल व काडतूस यांचा. या बाबतींत सर्वांत बोलका साक्षीदार वॉल्टर डॅलरिंपल मेटलंड बेल (१८८०–१९५४) हा स्कॉटिश हस्तिदंतव्यापारी शिकारी होय. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं युगांडांतील करामोजा, लाडो आणि अबिसीनिया या भागांत त्यानें हत्तींची शिकार केली, आणि त्यानें मारलेल्या हत्तींची संख्या एक हजार अकरा सांगितली जाते. इतर शिकारी वजनदार दुनळी घेऊन हिंडत असतां हा लहान व्यासाच्या हलक्या बोल्टच्या रायफली वापरी. त्यांत मानलिकर-शोनावर होती. म्हणून या रायफलीच्या प्रत्येक स्तुतिपाठांत बेलचें नांव पहिल्या ओळींत येतें.

परंतु बेलची साक्ष संपूर्ण वाचली असतां चित्र वेगळें दिसतें. ६.५ ची रायफल त्याला आवडत असे. ती हलकी, हातांत चपळ आणि खोल मारा करणारी. तरी त्यानें मुख्य भर तिच्यावर ठेवला नाहीं. तिचीं जीं काडतुसें त्याला मिळालीं तीं भरंवशाचीं नव्हतीं. हत्तीसमोर उभें असतां काडतूस दगा देतें म्हणजे काय होतें हें सांगावयास नको. म्हणून त्याचें बहुतेक काम .२७५ रिग्बी या रायफलीनें झालें. ही रायफल लंडनच्या रिग्बी कंपनीची असली तरी तिची यंत्रणा जर्मनींतील मौजरची होती, आणि तिचीं जर्मन काडतुसें त्याला दगा देत नसत. तात्पर्य, ज्याच्या नांवावर मानलिकर-शोनावरची कीर्ति उभी आहे तोच मनुष्य तिला बाजूस ठेवून दुसरीकडे वळला होता. स्तुतिपाठक हा अर्धा भाग गाळतात. आणि उलट पक्षाचे लेखक तोच अर्धा भाग घेऊन रायफल वाईट होती असें म्हणतात. दोघेही चुकतात. दोष काडतुसाचा होता. आणि खोल माऱ्याचा जो गुण त्याला भावला तोही प्रामुख्यानें काडतुसाचाच, म्हणजे त्यांतील लांब, टणक आवरणाच्या गोळीचा होता. रायफलीच्या पोलादाबद्दल या साक्षींतून फारसें कांहीं सिद्ध होत नाहीं.

तिसरा घोंटाळा रायफल व मनुष्य यांचा. आणि हाच सर्वांत घातक आहे. ६.५ च्या गोळीची नळीच्या तोंडाशीं शक्ति सुमारें १,८०० फूट-पौंड. त्या काळीं हत्तीसाठीं प्रमाण मानलेल्या .४५० नायट्रो एक्सप्रेस दुनळीची सुमारें ४,९००. म्हणजे पहिलीची शक्ति दुसरीच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित अधिक. मग बेलला यश कां आलें? त्यानें हत्तीचें डोकें करवतीनें उभें चिरून मेंदू नेमका कोठें असतो हें पाहिलें होतें. निरनिराळ्या बाजूंनीं हत्ती उभा असतां गोळी कोणत्या बिंदूवर लागली पाहिजे याचा त्यानें अभ्यास केला, त्याचीं रेखाचित्रें काढलीं, आणि नेम असा ठेवला कीं गोळी मेंदूंतच जावी. मेंदूंत शिरणाऱ्या गोळीस फार शक्ति लागत नाहीं. ती सरळ जावी एवढेंच पुरतें. त्यानें जे हत्ती मारले ते बहुधा उघड्या गवताळ रानांत, बंदुकीच्या आवाजाला न सरावलेले, आणि त्यांना पाहण्यास पुरेसा अवकाश देणारे होते. या सर्व गोष्टी गृहीत धरूनच त्याचा अभिप्राय खरा आहे. त्या काढून घेतल्या आणि वाक्य एवढेंच ठेवलें कीं लहान रायफल हत्तीस पुरते, तर तें वाक्य धोक्याचें होतें.

येथें साक्षीच्या स्वरूपांतच एक उणीव आहे, ती कोणत्याही साक्षीदाराच्या प्रामाणिकपणानें भरून निघत नाहीं. ज्याचा नेम साधला तो परत आला आणि त्यानें पुस्तक लिहिलें. ज्याची गोळी चार बोटें चुकली तो कांहीं वेळां परत आला नाहीं, आणि आला तरी त्याला ग्रंथ लिहिण्याची उमेद राहिली नसावी. पराभूत पक्षाचे कागद जळून जावेत आणि विजयी पक्षाचे तेवढे राहावेत अशा लढाईचा वृत्तांत लिहितांना आपण जी सावधगिरी बाळगतों तीच येथें अवश्य आहे. पुढें आफ्रिकेंतील अनेक प्रदेशांच्या शिकारकायद्यांनीं हत्ती, रानरेडा यांसारख्या जनावरांसाठीं नळीच्या व्यासाची किमान मर्यादा घातली, ती बहुधा.३७५ च्या आसपास असते. हे कायदे म्हणजे ज्यांनीं पुस्तकें लिहिलीं नाहींत त्यांची एकत्रित साक्ष आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

चौथा प्रश्न काळाचा. बेलचे बहुतेक पराक्रम १९१४ च्या महायुद्धापूर्वींचे. त्याचें ‘वाँडरिंग्ज ऑफ ॲन एलिफंट हंटर’ हें पुस्तक १९२३ सालीं निघालें. ‘करामोजो सफारी’ १९४९ सालीं. आणि ‘बेल ऑफ आफ्रिका’ त्याच्या मृत्यूनंतर १९६० सालीं. म्हणजे त्याचा पहिला ग्रंथ घडलेल्या गोष्टींनंतर दहावीस वर्षांनीं, आणि दुसरा चाळीस वर्षांनीं लिहिलेला. प्रत्यक्षदर्शी असूनही त्याची जागा अस्सल पत्रांत नसून चांगल्या बखरींत आहे. सभासदानें शिवछत्रपतींच्या निधनानंतर कांहीं वर्षांनीं लिहिलेली बखर आणि मल्हारराव चिटणीसांनीं सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं रचलेली बखर यांना आपण एकच किंमत देत नाहीं. बेल हा या विषयांतील सभासद म्हणावा. त्याच्या पुस्तकांतून वेंचे घेऊन स्वतः हत्ती न पाहतां रायफलीची थोरवी वर्णन करणारे आजचे अनेक मालक चिटणीसांच्या जागीं आहेत. त्यांचा हेतु वाईट नाहीं. पण त्यांचें मत स्वतंत्र साक्ष म्हणून मोजतां येत नाहीं. दहा जणांनीं एकाच मुळावरून नक्कल केली असतां प्रती दहा होतात. साक्षीदार एकच राहतो.

ललितवाङ्मयानें ही कीर्ति आणखी वाढविली. अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे १९३३–३४ सालीं पूर्व आफ्रिकेंत शिकारीस गेला होता. त्या प्रवासावरील ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ (१९३५) या पुस्तकांत त्याच्या पत्नीपाशीं मानलिकर आहे; आणि १९३६ सालच्या फ्रान्सिस मॅकोंबरच्या कथेंत पत्नी मोटारींतून ६.५ मानलिकरनें रानरेड्याच्या रोखानें बार काढते व गोळी नवऱ्याच्या डोक्यांत शिरते. तो नेम चुकला कीं साधला यावर टीकाकारांचा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. या कथेनें रायफलीचें नांव शिकारीशीं कांहींही संबंध नसलेल्या वाचकांच्या तोंडीं बसविलें. परंतु इतिहासदृष्ट्या तिच्यावरून निघणारें अनुमान एवढेंच कीं, १९३० नंतर ही रायफल हलकी, मोटारींत सहज बाळगतां येणारी आणि स्त्रियांच्या हातांस झेपणारी म्हणून समजली जात होती. पुराव्याची मजल तेथपर्यंतच. पण तेवढा पुरावा मात्र चांगला आहे, कारण लेखकाला त्या ठिकाणीं रायफलीची जाहिरात करावयाची नव्हती.

येथवर मालकांच्या साक्षींतील कमकुवत भाग दाखविला. याचा अर्थ त्या साक्षी टाकून द्याव्यात असा मुळींच नाहीं. त्यांचा एक भाग असा आहे कीं तो कारखान्याच्या कागदांतूनही मिळत नाहीं. रायफल दिवसभर खांद्यावर वागविली असतां कशी वाटते, थंडीनें बधिर झालेल्या बोटांनीं बोल्ट चालतो काय, काडतूस अडतें काय, पावसांत काय होतें, या गोष्टींचा निर्णय मालकच देऊं शकतो. या बाबतींत मानलिकर-शोनावरच्या मालकांचें मत पिढ्यानुपिढ्या व देशोदेशीं इतकें एकसारखें आहे कीं तें मान्य करणेंच प्राप्त आहे. बोल्टची गुळगुळीत चाल आणि मॅगझिनाची निर्वेधता हे दोन गुण निरनिराळ्या भाषांतील, एकमेकांशीं संबंध नसलेल्या मालकांनीं सांगितले आहेत. आणि त्यांचें कारणही यंत्राच्या रचनेंत, म्हणजे त्या फटीच्या कमानींत व फिरत्या रुळांत, डोळ्यांनीं दिसतें. जेथें साक्ष आणि वस्तू एकमेकांस दुजोरा देतात तेथें शंका घेणें हा हट्ट होय.

याहूनही मोलाची साक्ष म्हणजे स्वतःच्या आवडत्या वस्तूविरुद्ध मालकानें दिलेली कबुली. या रायफलीच्या अभिमान्यांनींच तिच्यावर दुर्बीण बसविण्याची अडचण वारंवार नोंदविली आहे. ज्या फटीमुळें बोल्ट गुळगुळीत चालतो तीच फट दुर्बिणीच्या पायास जागा ठेवीत नाहीं. म्हणून दुर्बीण बाजूनें व उंच बसवावी लागे, आणि दस्त्याची पाठ साध्या माशीच्या हिशेबानें खाली असल्यामुळें नेम धरतांना गाल अधांतरीं राही. कारखान्यानें १९५० नंतरच्या नमुन्यांत मुठीची ठेवण बदलली आणि दस्त्याची पाठ उंचावली, यावरून ही तक्रार खरी होती हें उघड होतें. मालकाची कबुली आणि कारखान्याची दुरुस्ती हीं दोन साधनें येथें एकत्र येतात.

परस्परविरुद्ध मतें दिसलीं म्हणजे एक साक्षीदार खोटा असलाच पाहिजे असें नाहीं. दोन चापांच्या रचनेबद्दल पहा. आल्प्सच्या कड्यांवर दूरच्या शॅमॉयवर टेकण घेऊन सावकाश नेम धरणारा शिकारी ती रचना अमोल मानतो. दाट झुडपांत अंगावर येणाऱ्या जनावरास तोंड देणारा तीच रचना घातक म्हणतो. नळीच्या तोंडापर्यंत गेलेला दस्ता एकाला नळीचें रक्षण करणारा वाटतो. दुसरा म्हणतो कीं दमट हवेंत लांकूड फुगून नळीवर दाब देतें आणि नेम ढळतो. दोघेही आपापल्या रानापुरते व आपापल्या ऋतूपुरते खरे आहेत. मताबरोबर गांव व हवामान लिहून ठेवण्याची पद्धत असती तर निम्मे वाद झालेच नसते. त्याचप्रमाणें आजचे कांहीं मालक ६.५ ची रायफल नेमास कच्ची असल्याचें सांगतात, तेव्हां ते कोणती गोळी वापरतात हें विचारावें. या रायफलीची नळी व रूळ त्या लांब, १६० ग्रेनच्या गोळीच्या मापानें घडविलेले आहेत. आंखूड व हलकी गोळी घातली असतां ती नळींतील पिळांपर्यंत पोहोंचण्याआधींच मोकळ्या जागेंत उडी घेते. अशी तक्रार रायफलीविरुद्ध दाखल करणें म्हणजे मापाबाहेरची किल्ली घालून कुलपास दोष देणें होय.

तुलनेसाठीं आपल्या देशांतील एक प्रसंग घेण्याजोगा आहे. १९०७ सालीं चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस संयुक्त प्रांताच्या नायब गव्हर्नरांनीं .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. ही मौजर यंत्रणेची. म्हणजे मानलिकर-शोनावरची प्रतिस्पर्धी, पण वजनानें व स्वभावानें तिच्याच जातीची. १९३० सालीं चौगढच्या वाघिणीशीं अगदीं जवळून गांठ पडली तेव्हां कॉर्बेटच्या डाव्या हातांत रानांत सांपडलेलीं पक्ष्याचीं अंडीं होतीं. त्यानें ही रायफल उजव्या एकाच हातानें फिरवून बार काढला. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ (१९४४) या त्याच्या पुस्तकांत हा प्रसंग आहे. त्यानें रायफलीची स्तुति केली किंवा न केली, त्या एका हकीकतीवरून हलक्या रायफलीचा खरा गुण कोणता हें सिद्ध होतें. शंभर विशेषणांपेक्षां अशी एक हकीकत अधिक सांगते. मात्र तिच्यावरून लहान गोळी वाघास सदैव पुरते असें अनुमान काढणारा पुन्हां त्याच जुन्या खड्ड्यांत पडेल. तोच कॉर्बेट प्रसंगीं मोठ्या व्यासाची दुनळीही बाळगीत असे.

नांवाच्या घोंटाळ्याचें एक उदाहरण तर आपल्या पुण्याच्या दारांतच आहे. ब्रिटिश अमदानींत लष्करी काडतुसें बाहेर फुटूं नयेत म्हणून .३०३ सारख्या व्यासांच्या रायफली खासगी माणसांस बंद करण्यांत आल्या. तेव्हां बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीनें हिंदुस्थानासाठीं .३१५ व्यासाची शिकारी रायफल काढली. तिची यंत्रणा ली-एन्फील्ड धर्तीची. पण काडतूस ऑस्ट्रियाच्या लष्कराचें जुनें, ८ मिलिमीटरचें, बुडाशीं कड असलेलें मानलिकर काडतूस. पुढें स्वतंत्र भारतांतही सरकारी कारखान्यांनीं .३१५ ची रायफल चालू ठेविली, आणि तिचीं काडतुसें १८६९ सालीं स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यांत होतात. ऑस्ट्रियाचें साम्राज्य १९१८ सालीं लयास गेलें, पण त्याच्या लष्कराचें काडतूस खडकीच्या छापानें आपल्याकडील परवानाधारकांच्या घरीं आहे. आतां यांपैकीं एखादा मालक मानलिकर काडतुसाबद्दल मत देऊं लागल्यास तें मत खरें असूनही मानलिकर-शोनावर रायफलीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. नांव एक, काडतूस वेगळें, यंत्रणा वेगळी. नांवावर विसंबणाऱ्यानें हें उदाहरण सदैव डोळ्यांपुढें ठेवावें.

मानलिकर-शोनावर तयार होणें १९७२ च्या सुमारास बंद पडलें. तो फिरता रूळ व त्याचें घर कोरून काढण्यास लागणारी मेहनत कारखान्यास परवडेनाशी झाली होती; त्याआधींच स्टायरनें प्लॅस्टिकच्या फिरत्या मॅगझिनाच्या नव्या रायफली काढल्या होत्या. योगायोगानें त्याच १९७२ सालीं भारतांत वन्यजीव संरक्षण कायदा होऊन आपल्याकडील हौशी शिकारीचें युग संपलें. तेव्हांपासून या रायफलीची मालकी हळूहळू शिकाऱ्यांच्या हातून संग्राहकांच्या हातीं गेली, आणि मतांचा रोखही पालटला. पूर्वीचा मालक ती काय करते हें सांगे. आजचा मालक बहुधा ती कशी घडविली आहे हें सांगतो. दोघांची साक्ष एकाच पारड्यांत घालूं नये. संग्राहक पोलादाच्या कामाबद्दल, शिक्क्यांबद्दल, नमुन्यांतील सूक्ष्म फरकांबद्दल जें सांगतो तें बहुतेक वेळां शिकाऱ्याच्या वर्णनाहून अचूक असतें, कारण तो वस्तू हातांत घेऊन बोलतो. पण तोच हत्तीबद्दल बोलूं लागला म्हणजे त्याला पुस्तकाचें नांव विचारावें.

एवंच निष्कर्ष असा: मालकाचें मत घेतांना प्रथम त्याची रायफल नक्की करावी, मग काडतूस वेगळें काढावें, मग त्या माणसाचें कौशल्य, रान व हवामान वजा करावें, आणि शेवटीं तें केव्हां लिहिलें हें पाहावें. इतकें करून जें उरतें तें बहुधा लहान असतें, पण पक्कें असतें. मानलिकर-शोनावरच्या बाबतींत तें असें: ती हलकी व सफाईनें चालणारी, उत्तम घडणीची रायफल होती, तिचें मॅगझिन एकाच मापाच्या काडतुसासाठीं निर्दोष होतें, दुर्बिणीस ती गैरसोयीची होती, आणि लहान गोळीनें मोठें जनावर मारण्याचें श्रेय तिच्या मालकांपैकीं ज्यांनीं जनावराच्या शरीराचा अभ्यास केला त्यांचें होतें. हत्यारांचीं चरित्रें आपल्याकडेही लिहिलीं जात आहेत. पट्टा, फिरंग, जंबूर, जेजाल यांच्याबद्दल नांवाजलेल्या वीरांच्या तोंडचीं मतें परंपरेनें आपल्यापर्यंत आलीं आहेत. त्यांसही हीच चाळणी लावली तर कांहीं आवडत्या कथा गळून पडतील. पण जीं हत्यारें वस्तुसंग्रहालयांत मुकीं पडून आहेत त्यांचें म्हणणें प्रथमच ऐकूं येऊं लागेल.